उभ्या गाडीचं पेट्रोल

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचे पोलीस दरवर्षी शरद ऋतूत पोलिसी गाड्यांची परीक्षा घेतात. येत्या वर्षाच्या मॉडेलच्या गाड्या कंपन्या तिथे आणून देतात. थांबलेली गाडी ताशी शंभर मैलांचा वेग किती सेकंदांत गाठते, तिचा कमाल वेग किती, करकचून ब्रेक दाबला तर ती किती फुटांत थांबते, वळणावळणाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर एक फेरी किती वेळात पुरी करते, हे सगळं खात्याचेच चालक काटेकोर मोजतात. अमेरिकेतली शेकडो पोलीस खाती हा अहवाल वाचून खरेदी ठरवतात. २०२० सालच्या मॉडेलांच्या परीक्षेत फोर्डची एक नवी गाडी उतरली. एक्सप्लोररवर बेतलेली ही पोलीस इंटरसेप्टर युटिलिटी हायब्रिड होती. तिच्यात ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर होती, दोघांची मिळून ताकद ३१८ अश्वशक्ती, आणि कमाल वेग ताशी २२० किलोमीटरच्या आसपास. याच गाडीचा ४०० अश्वशक्तीचा टर्बो अवतार तिच्याहून बराच चपळ ठरला, पण पाठलागाच्या कामाला हायब्रिड गाडी कमी पडत नाही एवढं या परीक्षेतून सिद्ध झालं.

मला यातली महत्त्वाची गोष्ट मात्र त्या ट्रॅकवर घडली असं वाटत नाही. पोलिसांची गाडी दिवसभर नेमकं काय करते याचा अभ्यास फोर्डने केला होता. आठ तासांच्या पाळीतला सुमारे ६१ टक्के वेळ, म्हणजे जवळजवळ पाच तास, ती इंजिन चालू ठेवून नुसती उभी असते असं त्यात दिसलं. अपघाताच्या जागी दिवे लावून उभी, शाळेबाहेर उभी, अहवाल लिहीत असलेल्या शिपायाला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. पाठलाग सिनेमात रोज होतात, प्रत्यक्षात क्वचित. इंजिन बंद करायची सोयही नसते, कारण वरचे दिवे, वायरलेस, संगणक, कॅमेरा आणि एसी ही सगळी उपकरणं इंजिनाच्या जोरावर चालतात. इंजिन बंद ठेवून ती तासभर चालवली तर साधी बारा व्होल्टची बॅटरी मान टाकते, आणि हाक आली की सेल्फ लागत नाही. पोलिसाच्या गाडीचा सेल्फ न लागणं ही किती गंभीर गोष्ट आहे ते सांगायला नको.

अमेरिकन पोलिसांची अनेक वर्षांची लाडकी गाडी म्हणजे फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया. तिचं उत्पादन २०११ मध्ये थांबलं. तिच्या ४.६ लिटरच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला नुसतं उभं राहायला, एसी वगैरे कसलाही भार नसताना, ताशी सुमारे दीड लिटर पेट्रोल लागायचं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने प्रसिद्ध केलेला हा आकडा आहे. त्याच तक्त्यात दोन लिटर इंजिनाच्या छोट्या गाडीला तासाला साधारण ०.६ लिटर आणि शहरी बसला साडेतीन लिटरहून जास्त इंधन लागतं असं दिलेलं आहे. म्हणजे जुन्या पोलीस गाडीने पाळीतले पाच तास उभं राहूनच सातेक लिटर पेट्रोल संपवलं आणि त्यात एक मीटरही अंतर कापलं नाही. झीज तर हिशेबातही येत नसे. फोर्डच्या ताफ्यांसाठीच्या मार्गदर्शनात इंजिनाचं एक तास उभ्याने चालणं हे ३३ मैल, म्हणजे सुमारे ५३ किलोमीटर धावण्याइतकं धरतात. पाळीअखेर मीटरवर शंभर किलोमीटर दिसत असतील तर इंजिन आतून साडेतीनशे किलोमीटर झिजलेलं असतं. ऑइल बदलण्याचं वेळापत्रक मीटरवर बांधलेलं असलं की ते कायम मागेच पडणार.

हायब्रिड गाडी हे सगळं कसं बदलते? फोर्डच्या पोलीस गाडीत दीड किलोवॉट-तासाची लिथियम-आयन बॅटरी मागच्या सीटखाली बसवलेली आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या मानाने ती फारच लहान आहे. निव्वळ इलेक्ट्रिक मोटारगाडीत आज चाळीस-पन्नास किलोवॉट-तासांची बॅटरी सहज असते. हायब्रिडची बॅटरी दूरवर नेण्यासाठी नसतेच. ब्रेक मारताना मोटर जनित्रासारखी चालून जी वीज तयार करते ती साठवायची आणि गाडी उचलताना परत वापरायची, हे तिचं एक काम. आणि गाडी उभी असताना घरातल्या इन्व्हर्टरसारखं सगळ्या उपकरणांना वीज पुरवत राहायचं, हे दुसरं. पोलिसांच्या दृष्टीने दुसरं काम पहिल्याहून मोलाचं आहे.

इथे एक बारकावा आहे. साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्याने इंजिनाला बांधलेला असतो. इंजिन थांबलं की गार हवा थांबते. पूर्ण हायब्रिडमध्ये, ज्याला बाजारात स्ट्राँग हायब्रिड म्हणतात, कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही एसी चालू राहतो. एसी आणि उपकरणं मिळून एक-दीड किलोवॉट वीज खेचत असतील तर ही छोटी बॅटरी फार वेळ पुरत नाही, मग इंजिन आपोआप सुरू होतं, काही मिनिटांत बॅटरी भरतं आणि पुन्हा बंद होतं. यात फायदा तो काय, शेवटी इंजिनच चालतंय ना, असं कुणी विचारेल. फायदा असा की रिकामं उभं असलेलं इंजिन जवळजवळ सगळं इंधन स्वतःचेच पिस्टन आणि पंप फिरवण्यात घालवतं, त्यातून बाहेर येणारं काम नगण्य असतं. तेच इंजिन बॅटरी भरण्यासाठी चांगल्या भाराखाली थोडा वेळ चाललं तर प्रत्येक लिटरमधून कितीतरी जास्त वीज मिळते. तासभर कुंथत चालण्याऐवजी ते थोडी मिनिटं नेटाने काम करतं.

फोर्डच्या या गाडीचा अधिकृत सरासरी आकडा गॅलनला २४ मैल आहे, आधीच्या ३.७ लिटर इंजिनाच्या पोलीस गाडीचा १७ होता. आपल्या भाषेत सांगायचं तर ॲव्हरेज लिटरला सव्वासात किलोमीटरवरून दहाच्या वर गेलं. हा आकडा चाचणीचा आहे आणि चाचणीत गाडी उभी राहते ती थोडाच वेळ, सिग्नलला थांबल्यासारखी. पाच-पाच तास उभं राहणाऱ्या गाडीची खरी बचत त्या आकड्यात दिसूच शकत नाही. कंपनीने गाडीमागे वर्षाला तीन हजार डॉलरहून जास्त इंधनबचतीचा अंदाज दिला होता, तो उभ्या वेळेचा हिशेब धरूनच. ॲव्हरेजचा आकडा पाहून ताफ्याची खरेदी ठरवणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावं असं मला वाटतं: गाडी काय काम करणार आहे ते ठाऊक नसेल तर ॲव्हरेजच्या आकड्याला काही अर्थ नाही.

पोलिसी कामाच्या खास अटी पाळायलाही हायब्रिडला जड गेलं नाही. बॅटरी सीटखाली असल्यामुळे डिकीतली जागा गेली नाही. ताशी ७५ मैलांच्या वेगाने मागून धडक बसली तरी गाडी टिकते का, ही चाचणी अमेरिकन पोलीस गाड्यांसाठी प्रतिष्ठेची आहे आणि फोर्डने हायब्रिडलाही ती लावली. चालक जोरात वळणं घेऊ लागला, सारखे ब्रेक मारू लागला की गाडी स्वतःच ओळखते की आता पाठलाग चालू आहे, आणि बचत बाजूला ठेवून इंजिन व मोटर दोन्हींची पूर्ण ताकद देते. चालकाला कुठलंही बटण दाबावं लागत नाही. माझ्या मते हेच सगळ्यात शहाणपणाचं, कारण ताणाखाली असलेल्या माणसाला आणखी एक बटण देणं म्हणजे चुकीला जागा देणं.

मग सगळीकडेच हायब्रिड का नाहीत? याचं एक मोठं उत्तर न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सींच्या इतिहासात सापडतं. तिथे २००५ मध्ये पहिल्या हायब्रिड टॅक्सी आल्या, फोर्डच्याच एस्केप. मॅनहॅटनच्या गर्दीत दर पन्नास पावलांवर थांबणाऱ्या टॅक्सीला हायब्रिडइतकी योग्य गाडी दुसरी नव्हती. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००७ मध्ये जाहीर केलं की २०१२ पर्यंत शहरातल्या सगळ्या टॅक्सी हायब्रिड होतील. टॅक्सीमालकांची संघटना न्यायालयात गेली. इंधनक्षमतेचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, शहराचा नाही, या मुद्द्यावर २००८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने शहराचा नियम रोखला. शहराने मग दुसरी वाट काढली. मालकाने चालकाकडून घ्यायच्या भाड्याची जी कमाल मर्यादा असते ती हायब्रिडसाठी वाढवली आणि क्राउन व्हिक्टोरियासाठी कमी केली. तीही न्यायालयाने अडवली.

मालकांचा विरोध का होता हे पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी विकत घेतो मालक, ती पाळीच्या भाड्याने चालवतो चालक, आणि पेट्रोल भरतो तो चालकच. महाग हायब्रिडचा खर्च एकाच्या खिशातून जाणार आणि बचत दुसऱ्याच्या खिशात पडणार, मग पहिल्याने ती का घ्यावी? शहराने भाड्याच्या मर्यादेत केलेला बदल याच गाठीवर बोट ठेवणारा होता. कायद्यात तो टिकला नाही, पण विचार बरोबर होता असं मी मानतो. पेट्रोलचे भाव चढले तशा हायब्रिड टॅक्सी पुढच्या काही वर्षांत नियमाविनाही झपाट्याने वाढल्या, यावरून तेच दिसतं.

सरकारी ताफ्यातही ही गाठ असते, फक्त दोन्ही खिसे सरकारचेच असतात. आपल्याकडे गाडीची खरेदी एका लेखाशीर्षातून होते आणि पेट्रोल, तेल, वंगण यांचा खर्च दुसऱ्या शीर्षातून. खरेदीच्या वेळी फाइलवर किंमत दिसते, दर महिन्याचं बिल नंतर वेगळ्याच टेबलावर जातं. चार लाख रुपये जास्त देऊन घेतलेल्या गाडीने पुढच्या दहा वर्षांत दुप्पट वाचवले तरी ते श्रेय खरेदी करणाऱ्याच्या नावावर जमा होत नाही. उलट सर्वांत कमी किमतीची निविदा सोडून महाग गाडी का घेतली, हा प्रश्न मात्र त्यालाच विचारला जातो. लॉगबुकमध्ये किलोमीटर आणि लिटर लिहितात, गाडी किती तास इंजिन चालू ठेवून उभी होती ते लिहिण्याचा रिवाज नाही. त्यामुळे उभ्या गाडीने खाल्लेलं इंधन कुणाच्याच नजरेला पडत नाही. फार तर ‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ असा शेरा येतो आणि गाडी वर्कशॉपला जाते. फोर्डच्या पोलीस गाड्यांत इंजिन एकूण किती तास चाललं आणि त्यातले किती तास उभ्याने, हे दोन्ही डॅशबोर्डवर दिसतं. एवढी एक सोय झाली तरी आपल्याकडे मोठा फरक पडेल.

आता महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्याच्या गाडीचा विचार करू. नाकाबंदी, सभा, मोर्चा, विसर्जन, वारीचा बंदोबस्त यांत तासन्‌तास उभं राहणं हेच तिचं काम. ११२ क्रमांकाच्या गाडीत आता नियंत्रण कक्षाशी जोडलेलं संगणकी उपकरणही असतं. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावात अशा गाडीत बसलेल्या शिपायाला एसी बंद कर असं सांगणं अमानुष ठरेल. शिवाय गाडीचा धूर त्याच गाडीच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांच्या नाकात जातो. विसर्जनाच्या रात्री बारा-चौदा तास रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या पोलिसांच्या फुप्फुसांचा हिशेब कुठल्याच लेखाशीर्षात नाही, आणि तो असायला हवा.

साधं गणित मांडून पाहू, आकडे गृहीत धरलेले आहेत पण अवास्तव नाहीत. समजा ठाण्याची एक गाडी वर्षातले ३०० दिवस रोज चार तास एसी लावून उभी राहते आणि ताशी एक लिटर पेट्रोल खाते. नुसतं उभं राहण्याचं वर्षाचं पेट्रोल १२०० लिटर. हायब्रिडने त्यातलं ६० टक्के वाचवलं तर ७२० लिटर वाचले. ती गाडी शहरात रोज ६० किलोमीटर फिरत असेल आणि ॲव्हरेज दहावरून पंधरावर गेलं असेल तर आणखी ६०० लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला एक लाख तीस हजारांच्या आसपास बचत होते. हायब्रिडसाठी चार लाख जास्त मोजले असतील तर तीन वर्षांत वसूल. आता महामार्गावर गस्त घालणारी गाडी घ्या. ती रोज १५० किलोमीटर एका लयीत धावते आणि उभी राहते जेमतेम अर्धा तास. तिथे हायब्रिडला ब्रेकमधून परत मिळवायला फारसं काही नसतं, ॲव्हरेज चौदावरून सतरावर गेलं तरी पुष्कळ. वर्षाची बचत साठ-सत्तर हजारांच्या घरात राहते आणि तेच चार लाख वसूल व्हायला सहा वर्षं लागतात. गाडी तीच, किंमत तीच, फक्त काम वेगळं.

सार्वजनिक बसगाड्यांनीही हेच दाखवून दिलं आहे. सिएटलच्या किंग काउंटी मेट्रोने २००४ मध्ये साठ फुटी जोडबसगाड्यांचा मोठा हायब्रिड ताफा घेतला. शहराखालच्या बोगद्यातून बस जात असत, तिथे डिझेलचा धूर चालत नसे, म्हणून बोगद्यात तारेच्या विजेवर आणि बाहेर डिझेलवर चालणाऱ्या जड दुहेरी गाड्या आधी वापरात होत्या. त्या जुन्या झाल्या तेव्हा हायब्रिड आल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने वर्षभर त्यांचा अभ्यास केला. त्याच प्रकारच्या डिझेल बसच्या तुलनेत इंधनाचं ॲव्हरेज २७ टक्के चांगलं निघालं. न्यूयॉर्कने तर हायब्रिड बसगाड्या शेकड्यांनी घेतल्या आणि गर्दीच्या मार्गांवर त्या उत्तम चालल्या. पण वॉरंटी संपल्यावर मोटरींच्या दुरुस्तीचा खर्च डोळ्यांत येऊ लागला, आणि मोकळ्या वेगवान मार्गांवर बचतही होईना. अखेर २०१३ च्या सुमारास काही गाड्यांतली हायब्रिड यंत्रणा काढून साधं डिझेल इंजिन बसवण्याचा निर्णय तिथल्या परिवहन संस्थेने घेतला. तंत्रज्ञान तेच, शहरही तेच, मार्ग मात्र चुकले होते.

मुंबईतही हा प्रयोग झाला आहे. एमएमआरडीएने टाटाच्या २५ डिझेल-हायब्रिड वातानुकूलित बसगाड्या घेतल्या आणि २०१८ मध्ये त्या बेस्टमार्फत वांद्रे-कुर्ला संकुलासाठी रस्त्यावर आल्या. या गाड्या सिरीज प्रकारच्या, म्हणजे डिझेल इंजिन फक्त वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते. बीकेसीची संध्याकाळची कोंडी पाहता जागा अचूक निवडली होती. माझा आक्षेप संख्येवर आहे. हजारो गाड्यांच्या ताफ्यात पंचवीस वेगळ्या गाड्या आल्या की त्यांचे सुटे भाग वेगळे, मेकॅनिक वेगळा, निदानाचं यंत्र वेगळं, आणि गाडी बिघडली की कंपनीच्या माणसाची वाट पाहणं आलं. नवं तंत्रज्ञान चाखून पाहण्याइतकं घेतलं तर ते महागच पडतं. एखाद्या डेपोच्या सगळ्या गाड्या एकदम बदलल्या तर तिथलं वर्कशॉप त्या शिकतं.

बसच्या बाबतीत तर आज हायब्रिडची वेळ जवळजवळ टळलेली आहे. बस ठरलेल्या मार्गावर, ठरलेले किलोमीटर धावून रात्री डेपोत परत येते, तिथे चार्जर लावता येतो. म्हणून पुण्याच्या पीएमपीने २०१९ पासून, एसटीने २०२२ मध्ये पुणे-नगर मार्गावरच्या शिवाईपासून आणि बेस्टने दुमजली गाड्यांपर्यंत थेट इलेक्ट्रिकची वाट धरली, आणि ती योग्य आहे. महाराष्ट्र सरकारने तर १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कामासाठी नव्याने घ्यायच्या वा भाड्याने घ्यायच्या गाड्या इलेक्ट्रिकच असाव्यात असं धोरण जाहीर केलं. जिल्हाधिकारी कार्यालयाची, पंचायत समितीची, पालिका अभियंत्याची गाडी संध्याकाळी आवारात येऊन लागते. तिच्यासाठी हे धोरण चोख आहे.

ठाण्याची गस्तीची गाडी मात्र आवारात येऊन लागत नाही. सकाळच्या पाळीने ती दुपारच्या पाळीच्या हाती दिली की ती पुन्हा बाहेर, तिथून रात्रपाळीकडे. चार्जरला लावण्यासाठी हक्काचे दोन तास तिला मिळतीलच असं सांगता येत नाही, आणि दंगलीच्या रात्री तर मुळीच नाही. पंपावर टाकी भरायला पाच मिनिटं लागतात आणि ती गाडी पुन्हा तयार होते. म्हणून, निदान मोठ्या शहरांतल्या गस्तीच्या गाड्यांसाठी, हायब्रिड हीच आज सगळ्यात व्यवहार्य निवड आहे असं माझं ठाम मत आहे. प्लगने चार्ज होणारी हायब्रिड गाडी दोन्हीचा मेळ घालते असं वाटेल, पण ताफ्यांचा अनुभव निराळा आहे. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अभ्यासात कंपन्यांच्या मालकीच्या अशा गाड्या आपल्या प्रवासाचा सरासरी फक्त पाचवा हिस्साच विजेवर करतात असं दिसलं. गाडी कंपनीची, पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, मग रात्री घरी जाऊन वायर कोण लावणार? सरकारी गाडीत याहून वेगळं होईल अशी आशा मला नाही.

भारतात या वाटेवर दोन अडचणी मोठ्या आहेत. एक कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललेल्या जीएसटीत इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के कर आहे आणि छोट्या गाड्या वगळता हायब्रिडवर ४० टक्के. इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा या आपल्याकडच्या ओळखीच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्या मोठ्या गटात मोडतात. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये अशा गाड्यांचा नोंदणी कर माफ केला, पण मूळ दरी केंद्राच्या करात आहे. दुसरी अडचण गाडीच्या बांधणीची. आपल्या ग्रामीण पोलिसांची बोलेरो शिडीसारख्या मजबूत चौकटीवर उभी असते, ती खड्ड्यांतून, नाल्यातून, शेतरस्त्यावरून जाते आणि तालुक्याच्या गावातला मेकॅनिक तिला उघडून दुरुस्त करतो. मिळणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड गाड्या शहरी बांधणीच्या आहेत. मेळघाटात किंवा भामरागडला त्या पाठवणं चुकीचं होईल, आणि त्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपर्यंत टो करून न्यायला तिथून दिवस जाईल. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, नाशिक, संभाजीनगर इथल्या आयुक्तालयांपासून सुरुवात करणं हेच बरं.

आणि गाडी घेताना नुसतं ‘हायब्रिड’ लिहून भागत नाही. अनेक गाड्यांत बसवलेली माइल्ड हायब्रिड यंत्रणा इंजिनाला थोडा हातभार लावते, सिग्नलला इंजिन बंद करते, पण गाडी केवळ मोटरवर चालवू शकत नाही, आणि एसीचा कॉम्प्रेसर इंजिनालाच बांधलेला असतो. मे महिन्यातल्या बंदोबस्तात तिचा उपयोग साध्या गाडीइतकाच. केंद्राच्या फेम योजनेत सुरुवातीला अशा गाड्यांनाही अनुदान मिळत असे, २०१७ मध्ये ते बंद करण्यात आलं, ते योग्यच होतं. निविदेत ‘इंजिन बंद असताना एसी आणि बारा व्होल्टची सर्व उपकरणं चालली पाहिजेत’ हे वाक्य स्पष्ट लिहिलेलं असावं. त्या एका अटीने निवड बरोबर होते.

वापराच्या बाजूनेही काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत ओढली जाते. पोलीस गाडीत तिथे ढाली, लाठ्या, हेल्मेटं, दोऱ्या ठेवल्या जातात. जाळी झाकली गेली किंवा धुळीने बुजली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. म्हणून ती जाळी साफ करणं हे हवा-पाणी तपासण्याइतकंच नेहमीच्या कामात यायला हवं. नारिंगी रंगाच्या वायरी उच्च दाबाच्या असतात. सायरन, दिवे, लोखंडी जाळी बसवणाऱ्या बाहेरच्या कारागिराने कुठे भोक पाडायचं आणि कुठे नाही याचा नकाशा कंपनीने द्यायला हवा, आणि अग्निशमन दलाच्या जवानांना अपघातग्रस्त गाडीतला हा दाब कसा तोडायचा ते शिकवायला हवं. मोटार परिवहन विभागातल्या मेकॅनिकांचं प्रशिक्षण खरेदीच्या करारातच घालता येतं, नंतर त्यासाठी वेगळा निधी मिळत नाही.

बॅटरीचा प्रश्नही तिथेच सोडवावा. भारतात स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर साधारण ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. सरकारी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांपर्यंत चालते, १ एप्रिल २०२३ पासून त्यापुढे तिचं नूतनीकरण होत नाही आणि ती भंगारात जाते. म्हणजे गाडी पूर्ण आयुष्य वापरली तर बॅटरी एकदा बदलावी लागेल असं धरून चालावं. त्या दुसऱ्या बॅटरीची किंमत आजच, निविदेतच, ठरवून घेतली आणि वॉरंटी किलोमीटरसोबत इंजिनाच्या तासांवरही मागितली, तर नवव्या वर्षी एखाद्या वरिष्ठ लिपिकाला गाडी निर्लेखित करू की बॅटरीसाठी प्रस्ताव पाठवू, हे कोडं सोडवत बसावं लागणार नाही.